तरुण पुरुषांची समता चळवळ : वेगळी की सोबतीची?

गेल्या काही वर्षांत महाविद्यालयांत शिकणाऱ्या आपल्या मुलांच्या तोंडून एक प्रश्न वारंवार ऐकू येतो. स्त्रियांची चळवळ आहे, तिचे साहित्य आहे, तिने मिळवलेले कायदे आहेत. मग स्त्री-पुरुष समतेसाठी आम्हा तरुणांची स्वतःची चळवळ का असू नये? हा प्रश्न विचारणारे सगळे एकाच मनोवृत्तीचे नसतात. काहींच्या प्रश्नामागे तक्रार असते, की मुलींना सारे मिळाले आणि मुलगे मागे राहिले. काहींच्या प्रश्नामागे प्रामाणिक गोंधळ असतो : समता मान्य आहे, पण तिच्यात आपले काम कोणते, हे कोणी सांगितलेले नाही. पहिल्यांना उत्तर देणे आणि दुसऱ्यांना वाट दाखवणे ही शिक्षकांची, पालकांची आणि माजी विद्यार्थ्यांची जबाबदारी आहे, असे आम्ही मानतो. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने इतिहासाच्या आधारे या प्रश्नाचा विचार करण्याचे योजिले आहे.

महाराष्ट्रातील पूर्वपीठिका

स्त्रियांच्या चळवळीने पुरुषांना कधी जागाच दिली नाही, हा समज महाराष्ट्रापुरता तरी खरा नाही. १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ हा निबंध प्रसिद्ध केला. स्त्रियांवर जे दोष लादले जातात ते पुरुषांत नाहीत काय, असा त्यांचा रोखठोक सवाल होता. तो त्या काळच्या पुरुषवर्गाला झोंबला. ताराबाईंच्या बाजूने जाहीरपणे उभे राहिले ते जोतीराव फुले. १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये त्यांनी ताराबाईंची पाठराखण केली. सत्यशोधक विवाहविधीतही जोतीरावांनी वधूला स्त्रियांचे हक्क मागायला लावले आणि वराला ते देण्याची शपथ घ्यायला लावली. समतेचे अर्धे काम वराचे आहे, ही जाण आपल्याकडे इतकी जुनी आहे.

बाबासाहेबांनी ही जाण शास्त्रीय पायावर आणली. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातिविषयक निबंधात त्यांनी दाखवून दिले, की जात टिकते ती जातीतल्या जातीत विवाह करण्याच्या बंधनावर. आणि सती, सक्तीचे वैधव्य व बालविवाह या प्रथा त्या बंधनाच्या रक्षणासाठी उभ्या राहिल्या. स्त्रीवरचा ताबा हा जातीचा आधारस्तंभ आहे, असा याचा अर्थ होतो. जो तरुण जातिअंताची घोषणा देतो आणि बहिणीने कोणाशी बोलावे हे स्वतः ठरवतो, तो एका हाताने भिंत पाडतो आणि दुसऱ्या हाताने ती बांधतो.

२० जुलै १९४२ रोजी नागपूर येथे अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्षस्थानी होत्या. समाजाची प्रगती आपण स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, असे बाबासाहेबांनी तेथे सांगितले. आणि विवाह करणाऱ्या मुलीने पतीची दासी न होता मैत्रीण व बरोबरीची सहचारिणी म्हणून उभे राहावे, असा उपदेश केला. आपल्या मुलींना हे भाषण ठाऊक आहे, वक्तृत्व स्पर्धांत त्या ते मांडतात. परंतु पत्नी बरोबरीने उभी राहिली की पतीने कसे वागायचे, हा त्या उपदेशाचा दुसरा भाग आहे. तो मुलग्यांना कोणी शिकवायचा? बौद्ध विवाहात सिगालोवाद सुत्ताच्या आधारे वर पाच प्रतिज्ञा घेतो. पत्नीचा सन्मान करीन, अपमान करणार नाही, एकनिष्ठ राहीन, घरातील अधिकार तिच्या हाती देईन, अशा अर्थाची ती वचने आहेत. मंडपात बसलेल्या प्रत्येकाने ती डझनावारी वेळा ऐकलेली असतात. त्यांचा अभ्यास मात्र विवाहाच्या दिवशी सुरू करून भागत नाही. तो किशोरवयातच व्हायला हवा.

आजची वस्तुस्थिती

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. सहा वर्षांवरील स्त्रियांपैकी ८१.२ टक्के स्त्रिया दररोज बिनमोबदला घरकाम करीत होत्या. पुरुषांत हे प्रमाण २६.१ टक्के निघाले. जे हे काम करतात त्यांत स्त्रीचा दिवसाचा सरासरी वेळ २९९ मिनिटे, तर पुरुषाचा ९७ मिनिटे होता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीतही असेच चित्र दिसते : स्त्री नसबंदीचे प्रमाण ३७.९ टक्के आणि पुरुष नसबंदीचे ०.३ टक्के. पुरुषाची शस्त्रक्रिया अधिक सोपी असूनही स्त्रीच शस्त्रक्रियेला सामोरी जाते. नवी मुंबईत हे आकडे शोधायला दूर जावे लागत नाही. तुर्भे, रबाळे, दिघा येथील वस्त्यांतून पहाटे दोन-तीन घरांची धुणीभांडी करायला निघालेली आई संध्याकाळी परतते, तेव्हा स्वतःच्या घरची भांडी तिचीच वाट पाहत असतात.

तरुणांचे दुःखही खोटे नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात १,७०,९२४ व्यक्तींनी आत्महत्या केल्या. त्यांपैकी १,२२,७२४ पुरुष होते. कमावलेच पाहिजे, रडता कामा नये, कोणापाशी मन मोकळे करता कामा नये, हे ओझे लहानपणापासून मुलग्याच्या खांद्यावर ठेवले जाते. आपल्या समाजातील पुरुषाच्या वाट्याला त्यापलीकडचेही काही आले. बाहेर ज्याला पिढ्यान्‌पिढ्या मान खाली घालायला लावली, त्याला मान वर करण्यासाठी घर ही एकच जागा उरली. त्याची किंमत घरातील स्त्रीने मोजली. ‘जिणं आमुचं’ लिहिणाऱ्या बेबीताई कांबळे यांना आपले लेखन अनेक वर्षे पतीपासून लपवून ठेवावे लागले, ही गोष्ट आपण विसरता कामा नये. अपमानित पुरुषाला घरात सत्ता मिळाली म्हणजे त्याला प्रतिष्ठा मिळाली असे होत नाही. अपमान तेवढा एक पायरी खाली सरकतो.

येथे तक्रारीच्या सुरात बोलणाऱ्यांना उत्तर मिळते. पुरुषाच्या खांद्यावरचे ओझे स्त्रियांच्या चळवळीने ठेवलेले नाही. ज्या पुरुषसत्तेने स्त्रीला चूल दिली, तिनेच पुरुषाला मुके राहण्याची शिक्षा दिली. कायद्याचा कोठे गैरवापर झाला तर निरपराध व्यक्तीस न्यायालयात दाद मिळालीच पाहिजे. परंतु स्त्रियांचे संरक्षक कायदे सैल करण्याच्या मागणीला समतेची चळवळ म्हणता येणार नाही.

मुंबईतील तीन प्रयोग

प्रामाणिक गोंधळात असलेल्या तरुणांसाठी मुंबईचाच अनुभव मार्गदर्शक आहे. १९९१ साली पत्रकार सी. वाय. गोपीनाथ यांनी वृत्तपत्रात एक जाहिरात दिली. बायका मारण्यासाठी नसतात असे मानणारे पुरुष हवे आहेत, असा तिचा आशय होता. २०५ पुरुषांनी प्रतिसाद दिला. त्यातून १९९३ साली ‘मेन अगेन्स्ट व्हायोलन्स अँड अब्यूज’, म्हणजेच ‘मावा’, ही संस्था उभी राहिली. हरीश सदानी हे तिचे संस्थापक कार्यकर्ते. ‘पुरुष स्पंदनं’ हा तिचा दिवाळी अंक पुरुषपणाविषयी मराठीत मोकळेपणाने बोलत आला आहे, आणि महाविद्यालयीन तरुणांची शिबिरे हे तिचे प्रमुख काम आहे.

योगायोग असा, की त्याच १९९१ साली कॅनडात पुरुषांनी ‘पांढरी फीत’ मोहीम सुरू केली. ६ डिसेंबर १९८९ रोजी माँट्रियल येथील अभियांत्रिकी महाविद्यालयात एका बंदूकधाऱ्याने स्त्रीवादाच्या द्वेषापोटी १४ स्त्रियांची हत्या केली होती. त्यानंतर तेथील पुरुषांनी हिंसेविरुद्ध आपण गप्प राहणार नाही असे ठरवले. ६ डिसेंबर हा दिवस आपण महापरिनिर्वाण दिन म्हणून पाळतो. त्या दिवशी जगाच्या दुसऱ्या टोकाला पुरुष स्वतःला हा प्रश्न विचारतात, हे आपल्या मुलग्यांना सांगण्याजोगे आहे.

दुसरा प्रयोग ‘यारी-दोस्ती’ हा होय. ब्राझीलमध्ये तरुणांसाठी तयार झालेल्या कार्यक्रमावरून तो २००५-०६ च्या सुमारास मुंबईच्या वस्त्यांमधील मुलग्यांसाठी घडवण्यात आला. चेंबूर परिसरात साक्षरतेचे काम करीत वाढलेल्या ‘कोरो’ या संस्थेने तो वस्तीपातळीवर राबवला. मर्दपणा म्हणजे काय, रागाचे काय करायचे, मुलीचा नकार कसा स्वीकारायचा, अशा विषयांवर मुलगे गटागटाने बोलत असत. तिसरा प्रयोग शाळेतला. २००८ पासून मुंबई महापालिकेच्या ४५ शाळांतील सहावी-सातवीच्या वर्गांना घेऊन ‘कोरो’, ‘टाटा समाजविज्ञान संस्था’ आणि ‘आयसीआरडब्ल्यू’ यांनी लिंगभाव समतेचा कार्यक्रम चालवला. सवयी घट्ट होण्याआधी मुलग्यांशी आणि मुलींशी बोलावे, हे त्यामागचे सूत्र होते.

या प्रयोगांतून मुलग्यांच्या स्वतंत्र बैठकीची दोन कारणे स्पष्ट होतात. भीती, लाज, शरीराविषयीचे प्रश्न मुलगे मुलग्यांतच मोकळेपणाने बोलतात. दुसरे असे, की पुरुषांना शहाणे करण्याचे कामही स्त्रियांच्याच माथी मारणे हा त्यांच्यावर आणखी एक भार आहे. ते पुरुषांनीच पुरुषांत केले पाहिजे.

सोबतीचे दोन नमुने

तरीही एक धोका उरतो. पुरुष समतेच्या कामात उतरले की व्यासपीठ, निधी आणि श्रेय त्यांच्याकडे जाते, अशी शंका स्त्री कार्यकर्त्या व्यक्त करतात. आंबेडकरी माणसाला ही शंका समजायला जड जाऊ नये, कारण आपल्या इतिहासात ती आपणच व्यक्त केली होती.

पुणे करारानंतर १९३२ साली जी अस्पृश्यतानिवारक संस्था निघाली, तीच पुढे हरिजन सेवक संघ झाली. बाबासाहेब आरंभी तिच्या मंडळावर होते. नोव्हेंबर १९३२ मध्ये त्यांनी ठक्कर बाप्पांना सविस्तर पत्र लिहिले : अस्पृश्यांत वैयक्तिक सद्‌गुण वाढवण्यावर शक्ती खर्चू नका, त्यांचे नागरी हक्क मिळवून देण्याची मोहीम काढा, आणि कार्यकर्ते अस्पृश्यांतूनच घ्या. ते मानले गेले नाही. सूत्रे सवर्णांच्या हाती राहिली आणि बाबासाहेब बाहेर पडले. हा सोबतीचा एक नमुना.

दुसरा नमुना महाडचा. महाड नगरपालिकेचे सुरेंद्रनाथ टिपणीस, संघटक अनंतराव चित्रे आणि २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृती दहनाचा ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे हे तिघेही अस्पृश्य समाजातील नव्हते. त्यांनी नेतृत्व मागितले नाही. बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली ते उभे राहिले आणि स्वतःच्या समाजाचा रोष पत्करला. आपण त्यांची नावे आजही आदराने घेतो.

तरुण पुरुषांनी समतेच्या कामात महाडचा नमुना घ्यावा, हे आमचे उत्तर आहे. स्त्रीमुक्तीच्या चळवळीला समांतर, तिच्याशी स्पर्धा करणारी चळवळ त्यांना नको. पुरुषांमध्ये काम करणारी आणि स्त्रियांना हिशेब देणारी अशी एक फळी मात्र जरूर हवी. तिची परीक्षा तीन प्रश्नांनी घेता येईल. दिशा ठरवताना स्त्रियांचा शब्द अखेरचा आहे काय? सभेत बोलले गेले ते घरात दिसते काय? आणि मित्राने बायकोवर हात उगारला किंवा मुलीचा पाठलाग केला, तर त्याला अडवून मैत्री पणाला लावण्याची तयारी आहे काय? तिसरा प्रश्न सर्वांत अवघड आहे, म्हणून तोच सर्वांत महत्त्वाचा.

घर आणि वसतिगृह

निवासी शाळेजवळ या कामासाठी एक साधन असते, जे इतर शाळांजवळ नसते. वसतिगृहातला मुलगा स्वतःचे ताट धुतो, कपडे धुतो, खोली झाडतो, आजारी मित्राच्या उशाशी बसतो. पुरुषाला ही कामे जमत नाहीत, हा समज तेथे रोज खोटा ठरतो. मग दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी लागते. मुलगा घरी जातो, आई कौतुकाने त्याला बसवते, आणि त्याचे ताट बहीण उचलते. वर्षभराचा धडा दोन दिवसांत पुसला जातो.

म्हणून पालकांना आमची विनंती आहे : सुट्टीत घरी आलेल्या मुलाला पाहुणा करू नका. घरातील कामांची वाटणी करताना मुलगा-मुलगी असा भेद ठेवू नका, आणि वडिलांनीही त्या वाटणीत आपले नाव घालावे. मुलगा ऐकतो त्यापेक्षा पाहतो ते अधिक शिकतो. माजी विद्यार्थ्यांना विनंती अशी, की जयंतीच्या मंडळांत, विहारांत, कामाच्या ठिकाणी महिन्यातून एकदा तरी तरुणांची अशी बैठक भरवावी. तेथे मुलग्यांनी मन मोकळे करावे; आणि वर्षातून एकदा वस्तीतील स्त्रियांसमोर बसून काय बदलले ते सांगावे, काय बदलले नाही ते ऐकून घ्यावे. ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर पुरुषांकडून अजून यायचे आहे. ते आपल्या विद्यार्थ्यांनी आपल्या वागण्यातून द्यावे.