खासदाराच्या मताचा हिशेब

महाकालाच्या उज्जैनीतील नानाखेड्याचा मतदार असो वा कोकणातील राजापूरचा. आपल्या खासदाराने लोकसभेत कोठे मत टाकले, हे त्याला क्वचितच कळते. बहुतेक विधेयके आवाजी मतदानाने संमत होतात. त्यात नावनिशीवार नोंद नसते. मतविभागणी झालीच, तर १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने पक्षादेश मोडणाऱ्याचे सदस्यत्वच धोक्यात येते. देणगीदार २०१८ पासून निवडणूक रोख्यांच्या पडद्याआड होते. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो पडदा दूर केला. तथापि २०,००० रुपयांपर्यंतच्या देणगीदारांची नावे आजही गुलदस्त्यातच राहू शकतात. आवाजी निर्णयाला आव्हान देऊन मतविभागणी मागण्याची मुभा सदस्याला आहे. ती आपण किती वेळा वापरली, हा प्रश्न मतदाराने दारी आलेल्या उमेदवारास विचारलाच पाहिजे. मत मागणाऱ्याने दिलेल्या मताचा हिशेब द्यावा, एवढीच लोकशाहीची किमान अपेक्षा आहे.