गोदावरी आणि त्रिरश्मीचे दानलेख

त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगम पावणारी गोदावरी सुमारे १,४६५ किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागरास मिळते. बौद्ध साहित्यास ही नदी अपरिचित नाही. सुत्तनिपाताच्या पारायनवग्गात गोदावरीकाठी राहणाऱ्या बावरीने आपले सोळा शिष्य भगवान बुद्धांकडे पाठविल्याची कथा आहे. त्यांच्या मार्गातील पहिले नगर पतिट्ठान, म्हणजेच गोदेकाठचे आजचे पैठण होय.

नाशिकनजीकच्या त्रिरश्मी डोंगरावरील लेणी लोकव्यवहारात 'पांडवलेणी' म्हणून ओळखली जातात. तेथील दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जामात उषवदात याचा शिलालेख आहे. दमण, तापी इत्यादी नद्यांवर त्याने विनामूल्य नावा ठेवल्या आणि त्या नद्यांच्या दोन्ही तीरांवर विश्रामस्थाने व पाणपोया उभारल्या, असे त्यात नमूद आहे. त्याच लेण्यातील आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळचा लेख आम्हांस विशेष मननीय वाटतो. विष्णुदत्ता नामक उपासिकेने आजारी भिक्खूंच्या औषधोपचारासाठी गोवर्धन येथील श्रेणींकडे अक्षय ठेव ठेवली. त्यांत 'ओदयंत्रिक', म्हणजे जलयंत्रांचे काम करणाऱ्या कारागिरांची श्रेणीही होती. ठेवीचे मूळ द्रव्य अबाधित राखावे आणि केवळ व्याजाचा विनियोग करावा, हा या दानाचा नियम होता.

नदीही अशीच अक्षय ठेव आहे. गंगापूर धरणाचे पाणी नाशिककरांची तहान भागविते आणि शेतमळे पिकविते. पुढे गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळील नांदूर मध्यमेश्वरच्या पाणथळीत हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी उतरतात. रामसर यादीत समाविष्ट झालेले हे महाराष्ट्रातील पहिले स्थळ होय. त्याहून खाली पैठणचे जायकवाडी धरण मराठवाड्याचा आधार आहे.

तथापि ठेवीचे मूळच आज क्षीण होत आहे. शहराचे सांडपाणी प्रवाहात मिसळते आणि त्याचे परिणाम खालच्या गावांना व जलचरांना भोगावे लागतात. अवर्षणाच्या वर्षी नाशिक, अहिल्यानगर आणि मराठवाडा यांच्यात पाण्यासाठी कलह होतो. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने २०१४ च्या आदेशात खोऱ्यातील वरच्या व खालच्या धरणांमध्ये तूट समन्यायाने वाटून घेण्याचे तत्त्व मांडले, ते या कलहामुळेच.

प्रतीत्यसमुत्पादाचा अभ्यास करणाऱ्यांस यात नवे काही नाही. वरच्या तीरावरील कृतीचे फळ खालच्या तीरावर प्रकट होते. म्हणून नदीचे पूजन करण्यापूर्वी तिच्यात घाण न सोडणे आणि आपल्या गरजेपुरतेच पाणी घेणे, हेच तिच्यासंबंधीचे पहिले शील होय, असे आम्ही मानतो.