घरातील उन्हाच्या खिडकीसाठी ऑर्किडची निवड

वर्धा जिल्हा म्हटला की कापूस, तूर, सोयाबीन आणि समुद्रपूर तालुक्यातील वायगावची हळद ही नावे प्रथम डोळ्यांपुढे येतात. ऑर्किड मात्र थंड हवेच्या डोंगराळ मुलखाचे आणि श्रीमंतांच्या काचगृहातील फूल होय, असा सर्वसाधारण समज आहे. या समजामुळे काही लोक ऑर्किडच्या वाटेस जातच नाहीत. काही हौशी लोक बाजारातील फुललेली कुंडी पाहून ती घरी आणतात आणि मे महिना संपण्यापूर्वीच ती गमावून बसतात. दोन्ही ठिकाणी दोष हवेचा नसून निवडीचा आहे. आपल्या खिडकीस मानवणारी जात निवडल्यास वर्ध्याच्या उन्हातही ऑर्किड वर्षानुवर्षे जगते व फुलते.

आपल्या मुलखातील आमरी

मराठीत ऑर्किडला आमर किंवा आमरी म्हणतात. विदर्भाच्या पानझडी रानांत आणि जुन्या आमरायांत, आंबा व मोह यांच्या खोडांवर पट्ट्यांसारख्या जाड पानांची व लोंबत्या पांढऱ्या मुळांची एक आमरी आढळते. तिचे शास्त्रीय नाव व्हँडा टेसेलाटा. यातील ‘व्हँडा’ हा शब्द मूळ संस्कृत ‘वंदा’ या शब्दावरून घेतलेला आहे. तिची फुले पिवळसर तपकिरी असून पाकळ्यांवर चौकटीसारखी नक्षी असते, ओठ जांभळट निळा असतो व फुलांस मंद सुवास येतो. विशेष म्हणजे ही फुले उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंतच्या काळात येतात.

पुष्कळ शेतकरी या आमरीस बांडगूळ समजून झाडावरून उपटून टाकतात. ही चूक होय. बांडगूळ झाडाच्या फांदीत मुळे घुसवून त्याचा रस शोषते. आमरी झाडाचा केवळ आसरा घेते व तिचे पोषण पाऊस, दव आणि सालीवर साचलेला पालापाचोळा यांवर होते. त्यामुळे तिच्यापासून आंब्यास अपाय होत नाही. वर्ध्याचा उन्हाळा सोसून फुलणारे ऑर्किड निसर्गाने येथेच निर्माण केले आहे, ही गोष्ट निवड करताना ध्यानात ठेवावी. ज्या जातींची राहणी या आमरीशी जुळते, त्या येथे टिकतात.

खिडकीची पारख

रोप विकत घेण्यापूर्वी खिडकीची दिशा पाहावी. पूर्वेची खिडकी सर्वांत उत्तम. तेथे सकाळचे दोन-तीन तास कोवळे ऊन मिळते व पुढे दिवसभर उजेड राहतो.

दक्षिणेची खिडकीही चांगली आहे. वर्धा शहर विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे पावणेएकवीस अंशांवर वसले आहे. त्यामुळे डिसेंबरात भर दुपारीही सूर्य दक्षिणेकडे बराच कललेला असतो व ऊन खोलीत आत येते. पुढे तो वर चढत जातो आणि 25 मेच्या सुमारास, म्हणजे नवतपा सुरू होतो त्याच वेळी, दुपारी थेट डोक्यावर येतो. त्यानंतर जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत माध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेकडेच असतो. म्हणून दक्षिणेच्या खिडकीवर दीड-दोन फुटांचा सज्जा असल्यास हिवाळ्यात ऊन व उन्हाळ्यात सावली ही सोय आपोआप साधते.

पश्चिमेची खिडकी सर्वांत कठीण. मार्च ते जून या काळात दुपारचे ऊन आणि तापलेली भिंत यांमुळे पाने करपतात. दुसरी जागा नसेल तर हिरवी जाळी किंवा वाळ्याचा पडदा लावल्याशिवाय तेथे रोप ठेवू नये. उत्तरेच्या खिडकीत रोप जगते, पण फूल क्वचितच येते.

निवडण्याजोग्या जाती

प्रथमच ऑर्किड लावणाऱ्याने डेंड्रोबियमपासून आरंभ करावा. या वर्गातही थंड हवेच्या जाती आहेत, म्हणून उष्ण प्रदेशातील संकरित जाती मागून घ्याव्यात. पुष्पगुच्छांत वापरल्या जाणाऱ्या जांभळ्या व पांढऱ्या फुलांच्या दांड्या बहुधा याच जातींच्या असतात. उसाच्या बारीक कांड्यांसारख्या खोडात हे रोप पाणी साठवून ठेवते, त्यामुळे एखादा दिवस पाणी चुकले तरी ते सावरते. पूर्वेच्या व दक्षिणेच्या खिडकीस ते योग्य आहे.

दुसरी निवड व्हँडा व तिचे संकर यांची. यांतील पेन्सिलीसारख्या गोल पानांच्या जातींना भरपूर ऊन लागते. सिंगापूरच्या एका बागेत 1893 मध्ये प्रथम फुललेली व 1981 मध्ये त्या देशाचे राष्ट्रीय फूल ठरलेली ‘मिस जोकिम’ ही याच गटातील होय. पट्टीसारख्या पानांच्या जातींना सकाळचे ऊन पुरते. व्हँडाची मुळे उघडी लोंबतात, म्हणून उन्हाळ्यात तिला रोज पाणी द्यावेच लागते. ज्या घरी हे नियमाने होणार नाही, तेथे ती आणू नये.

तिसरी निवड कॅटलियाची. मध्य व दक्षिण अमेरिकेतून आलेल्या या जातीची फुले मोठी असून त्यांपैकी अनेकांस सुवास असतो. पूर्वेचे ऊन तिला मानवते. दुपारच्या उन्हात मात्र तिच्या पानांवर डाग पडतात.

सीतेची वेणी ही आपल्या सह्याद्रीतही आढळणारी व आसामचे राज्यपुष्प असलेली जात लांब लोंबत्या तुऱ्यामुळे फार शोभिवंत दिसते. ती पूर्वेच्या खिडकीत वाढू शकते. परंतु तिला व्हँडापेक्षा कमी ऊन व अधिक ओलावा लागतो, यास्तव थोडा अनुभव आल्यावरच तिचा विचार करावा.

टाळावयाच्या जाती

बाजारात सर्वाधिक दिसणारी फॅलेनॉप्सिस ही जात, जिची फुले पतंगाच्या पंखांसारखी पसरट असतात, उन्हाच्या खिडकीसाठी नाही. तिला सावलीतील उजेड व दमट हवा लागते. उन्हाच्या खिडकीत तिची रुंद, मऊ पाने थोड्याच दिवसांत भाजतात. सिंबिडियम या जातीच्या मोठ्या फुलांच्या प्रकारांना फूल धरण्यासाठी रात्रीचा गारवा दीर्घकाळ लागतो. वर्ध्यात असा गारवा हिवाळ्याचे थोडेच दिवस असतो, म्हणून येथे हे प्रकार पाने देतात, फुले देत नाहीत. विकत घेताना केवळ फुलांवर न भुलता रोपाची पाने ताठ आहेत का, मुळे टणक व पांढरी आहेत का, आणि पानांच्या बेचक्यांत कीड नाही ना, हे पाहून घ्यावे.

लागवड

जी काळी जमीन कापसास पोसते, तीच ऑर्किडला मारक ठरते. झाडावर राहणाऱ्या या रोपांच्या मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीत ती गुदमरतात व कुजतात. म्हणून बाजूंना भोके असलेली मातीची कुंडी किंवा सागाच्या पट्ट्यांची परडी घ्यावी. तळाशी विटांचे तुकडे व वर लाकडी कोळशाचे आवळ्याएवढे खडे भरावेत. डेंड्रोबियमसाठी त्यात नारळाच्या सोडणाचे थोडे तुकडे मिसळावेत. व्हँडाला रिकामी परडी पुरते. रोप हलू नये इतपत सुतळीने बांधावे, कारण हलणाऱ्या रोपाची नवी मुळे मोडतात.

पाणी व खत

मुळांवरील पांढरे, बोळ्यासारखे आवरण पाणी शोषताच हिरवट दिसू लागते. ते पुन्हा पांढरे झाले की पाणी देण्याची वेळ आली असे समजावे. पाणी सकाळी द्यावे व पानांच्या गाभ्यात ते साचू देऊ नये, अन्यथा शेंडा कुजतो. विहिरीचे व कूपनलिकेचे पाणी अनेक गावी जड असते व त्यातील क्षार मुळांवर चढतात. पावसाळ्यात पन्हळीचे पाणी झाकणाच्या पिंपात साठवून ठेवल्यास ते या कामी फार उपयोगी पडते.

वाढीच्या दिवसांत 19:19:19 हे विद्राव्य खत लिटरभर पाण्यात अर्धा ते एक ग्रॅम या प्रमाणात आठवड्यातून एकदा फवारावे. अधिक खताने फुले वाढत नाहीत, मुळे मात्र जळतात. हिवाळ्यात पाणी व खत दोन्ही कमी करावे.

ऊन बेताचे आहे की नाही, हे पानेच सांगतात. गर्द हिरवी, लांबट पाने ऊन कमी असल्याचे दर्शवितात. फिकट पोपटी रंग योग्य समजावा. पाने पिवळी पडू लागली किंवा त्यांवर वाळके डाग दिसले, तर रोप तत्काळ आत सरकवावे.

उन्हाळ्याची परीक्षा

एप्रिल व मे हे महिने येथील ऑर्किडची खरी कसोटी होत. पारा 45 अंशांवर जातो, त्याहून अधिक हानी कोरड्या झळांनी होते. या काळात रोपे खिडकीपासून दोन-तीन हात आत घ्यावीत. पसरट परातीत खडे व पाणी घालून, कुंडीचा तळ पाण्यास टेकणार नाही अशा रीतीने ती खड्यांवर ठेवावी. आज बहुतेक घरांत उन्हाळ्यात कूलर चालतो. त्याची ओलसर हवा खोलीत जेथे पसरते ती जागा रोपांस उत्तम. मात्र कूलरचा झोत थेट रोपावर येऊ देऊ नये व त्याच्या टाकीतील क्षार साचलेले पाणी रोपांस घालू नये. दुपारच्या उन्हात पानांवर पाणी शिंपडण्याचा मोह टाळावा व पहाटे आणि तिसऱ्या प्रहरानंतर मुळांवर फवारा द्यावा. कोरड्या हवेत लाल कोळी व खवले कीड वाढते, म्हणून आठवड्यातून एकदा पाने खालून-वरून ओल्या फडक्याने पुसावीत.

रानातील रोपांस हात लावू नये

आपल्याच रानात आमरी आहे, तर ती फुकट का आणू नये, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर तिच्या बीजात आहे. ऑर्किडचे बी धुळीच्या कणासारखे असून त्यात अंकुरासाठी अन्नाचा साठा नसतो. विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजते. एका बोंडातून असंख्य बिया उडतात, तथापि त्यांतून क्वचितच एखादे रोप होते व ते फुलावर येण्यास कित्येक वर्षे लागतात. तोडलेले जुने रोप घरी बहुधा टिकत नाही आणि झाडावरची त्याची जागाही रिकामी राहते. बोरसारख्या संरक्षित वनातून कोणतीही वनस्पती काढून नेणे हा कायद्याने गुन्हा आहे.

आज याची गरजही उरलेली नाही. अमेरिकेत लुईस नड्सन यांनी 1922 मध्ये बुरशीच्या साथीवाचून, साखर घातलेल्या पोषक माध्यमावर ऑर्किडचे बी रुजविण्याची रीत प्रसिद्ध केली. फ्रान्सचे जॉर्ज मोरेल यांनी 1960 मध्ये शेंड्याच्या सूक्ष्म भागापासून सिंबिडियमची रोपे करून दाखविली. या दोन शोधांमुळे ऑर्किडची रोपे प्रयोगशाळेत मोठ्या संख्येने होऊ लागली व सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. भारतात सिक्कीममधील पाक्योंग येथे 1996 पासून ऑर्किडचे राष्ट्रीय संशोधन केंद्र कार्य करीत आहे. म्हणून रोपवाटिकेत तयार झालेलेच रोप घ्यावे. शेतातील जुना आंबा वाऱ्याने पडला आणि त्यावर आमरी असली, तर ती मात्र सरपणाबरोबर जळू देऊ नये. मुळांसह सालीची ढलपी काढून ती जवळच्या दुसऱ्या आंब्यास सावलीच्या बाजूने सुतळीने बांधावी व पावसाळाभर लक्ष ठेवावे.

सारांश, पूर्वेची खिडकी, डेंड्रोबियमचे एक निरोगी रोप, कोळशाची कुंडी आणि साठविलेले पावसाचे पाणी एवढ्या तयारीवर प्रारंभ करावा. एक उन्हाळा ते रोप तरले, तरच दुसरे आणावे.