प्रारंभिक अमेरिकन रौप्यनाणी आणि त्यांवरील नैसर्गिक रंगपुट

१७९४ साली फिलाडेल्फिया येथील नव्या टाकसाळीत चांदीचे पहिले डॉलर पाडण्याची सिद्धता चालली असता तेथील धातुपरीक्षक अल्बियन कॉक्स यांनी एक शंका उपस्थित केली. २ एप्रिल १७९२ च्या कायद्याने डॉलरचे वजन ४१६ ग्रेन आणि त्यातील शुद्ध चांदी ३७१¼ ग्रेन अशी ठरवून दिली होती. म्हणजे नाण्याचा कस हजारी सुमारे ८९२.४ भरत होता. एवढे तांबे मिसळलेली नाणी व्यवहारात काळी पडतील, असे कॉक्स यांचे म्हणणे होते. टाकसाळीचे पहिले संचालक, खगोलज्ञ डेव्हिड रिटनहाउस यांनी ते मान्य केले, आणि कायद्यात कसलाही बदल न होता हजारी ९०० कसाची नाणी पाडली जाऊ लागली. प्रत्येक डॉलरमागे तीन ग्रेनांहून अधिक चांदी जादा जात होती, आणि ती जात होती टाकसाळीत चांदी आणून देणाऱ्या व्यापाऱ्यांच्या पदरची. त्यांपैकी एकाने पुढे काँग्रेसकडे दाद मागितली, हे ओघानेच आले. हजारी ९०० हा कस कायदेशीर झाला तो १८ जानेवारी १८३७ च्या कायद्याने.

चांदी काळी पडण्याची जी धास्ती पहिल्याच वर्षी कायदा मोडण्यास कारण झाली, तीच क्रिया आज या नाण्यांचे मोल अनेक पटींनी वाढविते, हा नाणकशास्त्राच्या इतिहासातील एक विलक्षण प्रकार होय. अमेरिकन संग्राहक चांदीवर कालांतराने चढणाऱ्या रंगीत झाकेला 'टोनिंग' म्हणतात. प्रस्तुत लेखात तिच्यासाठी 'रंगपुट' हा शब्द योजला आहे. हे पुट दोष समजावे, अलंकार समजावा, की पुरावा समजावा, हा खरा प्रश्न आहे. संग्राहकांचे दोन तट पडतात ते पहिल्या दोन उत्तरांवरून. इतिहासाच्या अभ्यासकाने तिसऱ्या उत्तराकडे वळावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. मात्र त्या पुराव्यालाही मर्यादा आहेत, व त्या थोड्या नाहीत.

प्रथम रंग कोठून येतो ते पाहू. हवेत अत्यल्प प्रमाणात असणारा हायड्रोजन सल्फाइड वायू, लोकर, रबर, हलक्या प्रतीचा कागद व पुठ्ठा यांतून सुटणारी गंधकयुक्त द्रव्ये आणि हवेतील ओलावा यांच्या योगाने चांदीच्या पृष्ठावर सिल्व्हर सल्फाइडचा थर धरतो. हे द्रव्य स्वतः काळसर आहे. निळा, जांभळा किंवा सोनेरी रंग त्याच्या अंगी नाही. परंतु थर अत्यंत पातळ असतो तोवर त्यावर पडणाऱ्या प्रकाशाचा काही भाग थराच्या वरच्या पृष्ठावरून परत फिरतो आणि काही भाग थरातून आत शिरून खालच्या धातूवरून परततो. या दोन परावर्तित किरणांच्या व्यतिकरणामुळे थराच्या जाडीनुसार काही तरंगलांबींचा प्रकाश मावळतो व उरलेला आपणास रंग म्हणून दिसतो. साबणाच्या फुग्यावर किंवा पावसाळ्यात रस्त्यावर सांडलेल्या तेलावर दिसणारे रंग याच जातीचे होत. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ४०० ते ७०० नॅनोमीटर, म्हणजे मीटरच्या अब्जांश भागाच्या इतक्या पट असते. रंगपुटाची जाडी तिच्या एका लहानशा अंशाएवढीच असते.

थर वाढू लागला की आधी निळा प्रकाश मावळतो, म्हणून नाणे फिकट सोनेरी दिसते. मग हिरवा मावळतो आणि तांबूस-किरमिजी छटा येते. त्यानंतर लाल मावळतो आणि नाणे निळे दिसू लागते. थर आणखी जाड झाला म्हणजे पिवळा, किरमिजी, हिरवा असे दुसरे आवर्तन सुरू होते, आणि अखेरीस प्रकाश थरातच जिरू लागून सारे काळे पडते. हा क्रम ध्यानात ठेवावा. कारण खऱ्या-खोट्याची निम्मी परीक्षा त्यावरच अवलंबून आहे. ज्याला आपण सौंदर्य म्हणतो ती गंजण्याच्या वाटेवरील एक मधली अवस्था आहे. संग्राहक मोल देतो ते ती वाट नेमक्या त्या ठिकाणी थांबल्याबद्दल, आणि ती पुढे सरकू नये एवढीच त्याची चिंता असते.

'प्रारंभिक' या विशेषणाने येथे १७९४ पासून सुमारे १८३६ पर्यंतची, म्हणजे हाताच्या दाबयंत्रावर पाडलेली नाणी अभिप्रेत आहेत. फिलाडेल्फियात वाफेचे दाबयंत्र मार्च १८३६ मध्ये आले. यांपैकी १७९४ चा डॉलर सर्वांत प्रसिद्ध. १५ ऑक्टोबर १७९४ रोजी त्याची १,७५८ नाणी टाकसाळीने हवाली केली. यंत्र पुरेसे सबळ नसल्याने अनेक नाण्यांवरील एका बाजूचा छाप फिका उठला आहे. पुढील डॉलरही फार टिकले नाहीत. ते जहाजांतून परदेशी जात आणि तेथे वितळविले जात. म्हणून १८०४ पासून त्यांची पाडणी थांबली आणि १८०६ मध्ये सरकारी आज्ञेनेच बंद ठेवण्यात आली. त्यामुळे अर्ध्या डॉलरला मोठे महत्त्व आले. १८०७ ते १८३६ या काळातील, मूळ जॉन राइश यांनी कोरलेल्या टोपीधारी स्वातंत्र्यदेवतेच्या छापाचे अर्धे डॉलर बँकांच्या गंगाजळीत थैल्या भरून पडून राहत. स्पॅनिश डॉलर १८५७ पर्यंत कायदेशीर चलन होते, तेव्हा हातोहात फिरण्याचे काम बऱ्याच अंशी त्यांनीच केले. न झिजलेले अमेरिकन अर्धे डॉलर आज त्या मानाने पुष्कळ आढळतात, आणि रंगपुटाचा अभ्यास करू पाहणाऱ्यास याहून सोयीचे साहित्य नाही.

पुटाचा आकार नाणे कोठे व कसे ठेवले होते हे सांगतो. एकोणिसाव्या शतकातील संग्राहक नाणी लाकडी कपाटांच्या उथळ खणांत ठेवीत. तेथे नाण्याची वरची बाजू हवेकडे व खालची कापडाकडे किंवा लाकडाकडे असे. म्हणून दोन बाजूंचे रंग निराळे येतात. विसाव्या शतकात पुठ्ठ्याचे संग्रहफलक आले, आणि या ठिकाणी एक गमतीचा योग जुळून आला आहे. पेन्सिल्व्हेनियातील शिपेन्सबर्ग येथील एम. एल. बाइसल यांनी १९२९ मध्ये अर्ध्या डॉलरांच्या ठशांच्या प्रकारांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचा धंदा पुठ्ठ्याच्या व कागदाच्या वस्तूंचा होता. नाण्यांसाठी भोके पाडलेले व दोहो बाजूंनी पारदर्शक पट्ट्या सरकविलेले पुठ्ठ्याचे फलक त्यांनी तयार केले, आणि न्यूयॉर्कचे व्यापारी वेट रेमंड यांनी पुढे त्यांचा मोठा प्रसार केला. अर्ध्या डॉलरांचे वर्गीकरण करणाऱ्या ग्रंथकाराच्याच पुठ्ठ्याने त्या नाण्यांना रंग चढविला! पुठ्ठ्यातील गंधक नाण्याच्या कडेस प्रथम भिडे, म्हणून पुट कडेला जाड व मध्याकडे पातळ होत जाई. अशा नाण्यावर बाहेरून आत निळा, किरमिजी, सोनेरी अशी एकात एक वलये दिसतात आणि मध्यभागी बहुधा उजळ चांदी राहते. वर सांगितलेला क्रमच येथे काळाऐवजी अंतराने मांडलेला असतो.

सेंट लुईसचे एरिक न्यूमन (१९११–२०१७) यांचा संग्रह या दृष्टीने विशेष उल्लेखनीय होय. कर्नल ई. एच. आर. ग्रीन हे १९३६ मध्ये निवर्तले, त्यानंतर त्यांच्या अफाट संग्रहातील पुष्कळ नाणी न्यूमन आणि त्यांचे व्यापारी स्नेही बर्डेट जॉन्सन यांनी मिळविली. न्यूमन यांनी ती साध्या कागदी पाकिटांत ठेवली व स्वच्छ करण्याच्या भानगडीत पडले नाहीत. २०१३ पासून ही नाणी लिलावात येऊ लागली तेव्हा सत्तरपंचाहत्तर वर्षे कोणी हात न लावलेले पृष्ठभाग अभ्यासकांना एकदम पाहावयास मिळाले. रंगाच्या पारखीसाठी ताडून पाहावयास असा समूह हाताशी असणे, ही एका सुंदर नाण्यापेक्षा मोठी प्राप्ती होय.

असे समूह दुर्मिळ आहेत याचे कारण उघड आहे. चांदी लख्ख असावी ही समजूत सर्वत्र सारखीच. आपल्याकडे लक्ष्मीपूजनाच्या आधी राणीछाप रुपये राखेने वा रांगोळीने घासण्याची चाल अनेक घरांत होती. अमेरिकेतील गृहस्थही सोडा आणि पॉलिशची पूड वापरून तेच करीत. पुढे थायोयूरियाचे आम्लयुक्त द्रावण आले. त्यात नाणे क्षणभर बुडविले की पुट विरघळते व नाणे पांढरे होते. घासल्याचे ओरखडे त्यावर उमटत नाहीत, म्हणून ही रीत निरुपद्रवी मानली गेली. वस्तुतः पुटात गुंतलेली चांदी पुटाबरोबरच निघून जाते. ठशाच्या आघाताने धातू बाहेरच्या दिशेने वाहून पृष्ठावर ज्या अतिसूक्ष्म किरणाकार रेषा उठतात, त्यांच्यामुळे नाणे हलविताच त्यावर प्रकाशाची आरी फिरतात. वारंवार बुडविण्याने या रेषा बोथटतात आणि नाणे पांढरे पण निर्जीव दिसते. अशा नाण्यावर काही दशकांनी पुन्हा रंग चढतो. तोही नैसर्गिकच, पण दुसरा. दोनशे वर्षांच्या नाण्यावरील पुट दोनशे वर्षांचे असते असे धरून चालणे ही नवशिक्याची नेहमीची चूक आहे.

खरी अडचण याच्या पुढे आहे. रंगीत नाण्यास जास्त पैसे मिळतात असे दिसताच रंग चढविणारे कारागीर निघाले. गंधकाची संयुगे, उष्णता आणि थोडा धीर एवढ्या भांडवलावर काही तासांत वा दिवसांत पुट तयार होते. १९८६ व १९८७ मध्ये स्थापन झालेल्या दोन मोठ्या अमेरिकन प्रमाणन-संस्था नाणी तपासून, दर्जाचा अंक देऊन पारदर्शक कवचात बंद करतात, आणि रंग संशयास्पद वाटल्यास तो अंक नाकारतात. त्यांच्या परीक्षकांची कसोटी कोणती? निळ्याशेजारी एकदम पिवळा आला आणि मधला किरमिजी पट्टा नसला तर संशय घ्यावा. रंग ओरखड्यात साचलेला किंवा झिजलेल्या उंचवट्यावर खोलगटाइतकाच गडद असला तर संशय घ्यावा. पुटाखालची प्रकाशाची आरी फिरताना दिसत नसली तरीही घ्यावा. उलट अक्षरे व तारे यांच्या कडेकडेने छटा किंचित बदलत जाणे हे हळू वाढलेल्या पुटाचे लक्षण मानतात.

या कसोट्या उपयुक्त आहेत, परंतु त्या अनुभवाच्या आहेत, सिद्धतेच्या नव्हेत. कपाटात साठ वर्षांत झालेले सिल्व्हर सल्फाइड आणि भट्टीत सहा तासांत झालेले सिल्व्हर सल्फाइड हे एकच द्रव्य होय. कुशल हाताने सावकाश चढविलेला रंग परीक्षेस उतरल्याची आणि प्रामाणिक नाणे नाकारले गेल्याची उदाहरणे या व्यवहारात नवी नाहीत. 'नैसर्गिक' हा शब्द द्रव्याचे वर्णन करीत नाही. तो रंग चढविणाऱ्याच्या हेतूविषयी, किंबहुना अशा कोणाच्या अभावाविषयी, केलेले विधान आहे. अशा विधानाचा आधार नाण्याच्या पृष्ठावर अपुराच मिळणार. तो नाण्याच्या वंशावळीत, म्हणजे ते कोणाकडून कोणाकडे गेले या नोंदीत शोधावा लागतो.

वंशावळीची दोन उदाहरणे येथे देतो. १९६४ साली लंडनमध्ये क्रिस्टीज् या संस्थेने लॉर्ड सेंट ऑस्वल्ड यांच्या घरची नाणी विकली. त्यांत जवळजवळ न वापरलेले दोन १७९४ चे डॉलर होते. ती नाणी विन घराण्यातील एका पूर्वजाने अमेरिकेतून आणली अशी परंपरा प्रथम सांगितली गेली. पुढील संशोधनाचा कौल मात्र १७९४–९५ मध्ये अमेरिकेत प्रवास केलेल्या यॉर्कशायरच्या विल्यम स्ट्रिकलंड यांच्याकडे पडला. म्हणजे परंपराही तपासूनच घ्यावी लागते.

दुसरे उदाहरण मुंबईजवळून जाते. १८०४ चा म्हणून ओळखला जाणारा डॉलर प्रत्यक्षात १८३४–३५ मध्ये, पौर्वात्य राजांना नजर करावयाच्या नाणेसंचांसाठी पाडला गेला. न्यूमन व केनेथ ब्रेसेट यांनी १९६२ च्या आपल्या ग्रंथात या प्रकरणाची सविस्तर छाननी केली. एडमंड रॉबर्ट्स हे राजदूत 'पीकॉक' या जहाजातून हे संच घेऊन निघाले. १८३५ मध्ये मस्कतची भेट सुपूर्त झाली. वाटेत मसिरा बेटाशी जहाज रुतून जखमी झाले होते, म्हणून ते त्या वर्षाच्या अखेरीस दुरुस्तीसाठी मुंबईस आले. सयामच्या राजाचा संच त्या वेळी अद्याप सुपूर्त व्हावयाचा होता. तो १८३६ मध्ये पोचला. मस्कतच्या संचातील मानले जाणारे नाणे पुढे इंग्लंडात लिव्हरपूलच्या वॉटर्स यांच्या संग्रहात प्रकटले, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये ७६ लाख ८० हजार डॉलरांस विकले गेले. त्याच्या पृष्ठावरील रंगीत छटांची वाखाणणी प्रत्येक विक्रीच्या वेळी झाली आहे. परंतु मस्कत आणि लिव्हरपूल यांच्या दरम्यानची सुमारे तीस वर्षे कागदावर रिकामी आहेत. त्या छटा कोणत्या खणात, कोणत्या कापडावर, कोणत्या दशकात चढल्या, हे नाणे सांगत नाही.

जुन्या लिलावसूच्याही येथे फारसे साहाय्य करीत नाहीत. त्यांतील चित्रपट्टांसाठी पुष्कळदा नाण्याचा प्लॅस्टरचा साचा करून त्याचेच छायाचित्र घेत. त्यावरून ठशातील चीर, कडेवरील टोचा, छापाचा कल ओळखता येतो व नाण्याची ओळख पटते. रंग मात्र मुळीच उरत नाही. रंगाविषयी जे काही मिळते ते सूचिकाराच्या दोनचार शब्दांत, आणि 'सुंदर जुनी झाक' एवढ्या वर्णनात कोणतेही नाणे बसते. म्हणून नाण्याची नोंद करणाऱ्याने कोणता रंग कोणत्या बाजूस, कडेपासून मध्याकडे कोणत्या क्रमाने, कोणत्या प्रकाशात व किती कलवून पाहिला, तसेच नाणे कशात ठेवलेले आढळले, हे लिहून ठेवावे. आणि ते पाकीट किंवा पुठ्ठा, नाण्यापासून दूर पण त्याच क्रमांकाखाली, जपून ठेवावा.