साठी-सत्तरीत एव्हरेस्ट बेस कॅम्प? वसई-विरारच्या जोडप्यांनी आधी हे वाचा

नोकरी संपली, मुलं मार्गी लागली, आता एकदा तरी दोघांनी मिळून हिमालयात जायचं, असं अनेक जोडप्यांच्या मनात असतं. नेपाळमधला एव्हरेस्ट बेस कॅम्प त्या यादीत वरच असतो. पण वसई-विरार समुद्रालगत आणि बेस कॅम्प ५,३६४ मीटर उंचीवर. तिथे एका श्वासात मिळणारा ऑक्सिजन आपल्याकडच्या जवळपास निम्माच असतो. म्हणून तयारी बॅग भरण्याच्या खूप आधी सुरू करावी लागते.

वय आड येतं का?

फक्त वय आड येत नाही. जपानचे युइचिरो मिउरा यांनी २०१३ मध्ये वयाच्या ८० व्या वर्षी एव्हरेस्ट सर केलं. महत्त्वाचा असतो तो हृदयविकार, फुप्फुसाचा आजार किंवा आटोक्यात नसलेला बीपी आणि शुगर. भारत सरकारच्या कैलास-मानसरोवर यात्रेत ७० वर्षांची वयोमर्यादा आहे आणि वैद्यकीय तपासणीत नापास झालेल्यांना पुढे जाता येत नाही. बेस कॅम्पला असं कुणी अडवत नाही. त्यामुळे तिकीट काढण्याआधीच दोघांनीही डॉक्टरांकडे जाऊन, किती उंचीवर जाणार ते सांगून तपासणी करून घ्यावी.

सराव कुठे करायचा?

निदान चार-सहा महिने आधी सुरुवात करा. विरारच्या जीवदानी मंदिराच्या हजाराहून जास्त पायऱ्या हा घराजवळचा उत्तम सराव. उतरतानाही पायीच या, कारण गुडघ्यांची खरी परीक्षा उतारावर होते. पुढे पाठीवर सॅक घेऊन तुंगारेश्वर, मग कामणदुर्ग.

मात्र या सरावाने दम वाढतो, विरळ हवेची सवय होत नाही. रोज पळणाऱ्या माणसालाही उंचीचा त्रास होऊ शकतो.

मग विरळ हवेवर उपाय काय?

सावकाश चढणं. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस मुक्काम करावा, असा नियम आहे. लुक्ला २,८६० मीटरवर आणि नामचे बाजार ३,४४० मीटरवर. म्हणूनच नामचेला दोन रात्री थांबतात. कमी दिवसांचं पॅकेज स्वस्त दिसतं, पण त्यात कापले जातात ते नेमके हेच दिवस.

डायमॉक्स ही गोळी अनेक जण घेतात. सल्फाची ॲलर्जी असेल किंवा इतर औषधं चालू असतील तर अडचण येऊ शकते, त्यामुळे ती डॉक्टरांना विचारूनच घ्या. दारू आणि झोपेच्या गोळ्या टाळा.

कागदपत्रं आणि विमा

भारतीयांना नेपाळसाठी व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं. विमा घेताना पॉलिसीत किती मीटरपर्यंतचा ट्रेक, हेलिकॉप्टरने सुटका आणि आधीपासूनचे आजार येतात का, हे लेखी तपासा. आजार लपवला तर क्लेम नाकारला जाऊ शकतो. रोजची औषधं प्रिस्क्रिप्शनसह हातातल्या बॅगेत ठेवा. इन्सुलिन गोठू देऊ नका.

दोघांनी घरीच ठरवायची गोष्ट

डोकेदुखी, मळमळ, भूक न लागणं ही पहिली लक्षणं. बसल्या जागी धाप लागणं, तोल जाणं किंवा असंबद्ध बोलणं हा जिवाला धोका असतो. अशा वेळी सकाळची वाट न बघता खाली उतरायचं असतं. पण जोडीदाराची ट्रिप बिघडू नये म्हणून अनेकदा त्रास लपवला जातो. म्हणून निघण्याआधीच ठरवा: चाल हळू चालणाऱ्याची, रोज संध्याकाळी एकमेकांची विचारपूस, आणि एकाला त्रास झाला तर दोघंही परत. बेस कॅम्प पुढच्या वर्षीही तिथेच असेल.