माशाचा ‘तुरा’ कसा रोखतात?



उसाला तुरा आला की वाढ थांबते, पांगशा फुटतात, दशी पडते आणि वजन घटतं. हे तुम्हांला सांगायला नको. माशाचंही तसंच आहे. मादी वयात आली की खाल्लेलं खाद्य अंगी न लागता गाभोळीत जातं. थंड पाण्यातल्या रेनबो ट्राउट माशात हे स्पष्ट दिसतं. अंडी भरली की मांस मऊ पडतं, गुलाबी रंग फिका होतो, भाव उतरतो.

यावर फ्रान्स, ब्रिटन, अमेरिका येथील मत्स्यपालकांनी युक्ती योजली. प्रत्येक पेशीत गुणसूत्रांचे दोन संच असतात, एक आईचा, एक बापाचा. अंडं फळतं त्या वेळी आईचा एक जादा संच त्यात असतो व तो लवकरच बाहेर टाकला जातो. नेमक्या त्याच वेळी अंड्यांना काही मिनिटं भारी दाब किंवा कोमट पाण्याचा झटका दिला, की तो संच आतच राहतो. दोनाचे तीन झाले! ट्राउटची गुणसूत्रं साठाच्या आसपास, ती नव्वदीला जातात. तीन संचांच्या नीट जोड्या जुळत नाहीत, म्हणून मादीची गाभोळी भरत नाही. यात बाहेरचं काही घातलेलं नसतं. आपण खातो ती बहुतेक केळीही तीन संचांचीच, म्हणून त्यांत बी धरत नाही. नराची गोष्ट मात्र वेगळी. तो वांझ असूनही वयात येतो, मांस बिघडतंच. म्हणून सगळ्या माद्यांचंच बीज तयार करतात.

पण तीन संच म्हणजे दीडपट वाढ, असं कुणी सांगितलं तर मानू नका. वयात येईपर्यंत हा मासा साध्या माशाइतकाच, कधी कमीच वाढतो. फायदा दिसतो तो त्यानंतर. शिवाय पाणी तापलं, प्राणवायू कमी पडला, तर तो आधी दगावतो. सामन माशात जबडा-मणक्याचं व्यंग आणि मोतीबिंदूही जास्त आढळतात.

आता आपल्या शेततळ्याचं बघू. रोहू-कटला आपण बहुधा वर्षभरात काढतो, म्हणजे गाभोळी भरण्याआधीच. त्यात उन्हाळ्यात पाणी आटून तापतं. असल्या बीजाला जादा पैसे मोजून आपल्या पदरात फारसं काही पडेल, असं आम्हांस वाटत नाही. तरी कुणी विकायला आलाच, तर तपासणीचा दाखला मागा. बोटुकली नुसती बघून संच कळत नाहीत, रक्ताचा थेंब तपासावा लागतो. तीन संचांच्या माशाच्या तांबड्या पेशी मोठ्या असतात.