चढउतार : लेखांक सातवा – कचेरीची पायरी

गेल्या आठवड्यात घरातील उंबरठा आणि न्हाणीघर यांचा विचार झाला. आता कामाच्या जागेकडे वळू. कोकणात इमारतीचे जोते उंच असावे हा पावसानेच घालून दिलेला दंडक आहे, आणि त्यामुळे इन्सुली, बांदा, सावंतवाडी या पट्ट्यातील जुनी शाळा असो, सोसायटी असो वा कचेरी असो, अंगणातून पडवीत पोचण्यासाठी चिऱ्याच्या तीनचार पायऱ्या बहुधा चढाव्याच लागतात. ज्याचे गुडघे झिजले आहेत, ज्याचे एक अंग पक्षाघाताने दुबळे झाले आहे, किंवा बालपणीच्या पोलिओपासून ज्याची कुबडीशी सोबत आहे, अशा कारकुनाच्या वा शिक्षकाच्या श्रमाचा प्रारंभ हजेरीपटावर सही होण्यापूर्वी, त्या पायऱ्यांपाशीच होतो. चिरा सच्छिद्र, मृगाच्या सरी लागल्या की त्यावर शेवाळ धरते, कडा झिजून गोल होतात, आणि धरावयास कठडा क्वचितच असतो. त्यात एका हाती काठी, दुसऱ्या हाती छत्री आणि बगलेत दप्तर अशी स्थिती असेल, तर तोल सावरण्यास हातच उरत नाही.

सबब पहिली तजवीज हात मोकळा करण्याची. दप्तर व डबा पाठीवरच्या पिशवीत घालावा आणि छत्रीऐवजी रेनकोट वापरावा. चढताना सशक्त पाय आधी वरच्या पायरीवर ठेवावा, मग दुबळा पाय व काठी वर घ्यावी. उतरताना काठी व दुबळा पाय आधी खाली टेकवून मग सशक्त पाय आणावा. दोन्ही पाय एका पायरीवर स्थिर झाल्यावाचून पुढली पायरी घेऊ नये. पायरी उतरताना गुडघ्याच्या सांध्यावर देहभाराच्या तिपटीहूनही अधिक भार येतो, म्हणून संध्याकाळच्या घाईत उतरणे हे सकाळच्या चढण्याहून अधिक जोखमीचे असते. साहेबांनी दिवसातून चार वेळा वरच्या मजल्यावर बोलावण्याचा प्रघात असेल, तर ती कामे एकाच खेपेत उरकण्याची अनुज्ञा निःसंकोचपणे मागावी.

परंतु देहाने किती जुळवून घ्यावे, यास मर्यादा आहे. इमारतीनेही काही द्यावयास हवे. दोन्ही बाजूंस भक्कम कठडा, पायरीच्या कडेला खरखरीत पट्टी आणि पावसाळ्यात दर आठवड्यास शेवाळ खरवडणे, यांस फारसा खर्च येत नाही. रॅम्पचे मात्र गणित पाळावे लागते : एक भाग उंचीस बारा भाग लांबी. जोते 45 सेंटिमीटर उंच असेल, तर रॅम्प 5.4 मीटर लांब हवा. दीड-दोन मीटरांत उरकलेला खडा उतार दुचाकी वर नेण्यास सोयीचा असेल, पण चाकाच्या खुर्चीस तो पायरीइतकाच घातक आहे, आणि असे रॅम्प बांधून अनुपालनाचा दाखला घेणे मला अक्षम्य वाटते.

2023 च्या ऑक्टोबरात मुंबईत खार येथे विवाहनोंदणीसाठी चाकाच्या खुर्चीत आलेल्या वधूला दुसऱ्या मजल्यावरील कचेरीत जिन्यावरून उचलून न्यावे लागले. लिफ्ट उपलब्ध नव्हती आणि दप्तर खाली आले नाही. पुढे उपमुख्यमंत्र्यांनी तिची क्षमा मागितली. याच्या उलट उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. कमरेखालचे अंग निकामी झाल्यावरही चाकाच्या खुर्चीतून केंद्रीय उत्पादन शुल्क खात्यात नोकरी करणाऱ्या नसीमा हुरजूक यांच्या पुढाकाराने 1984 साली कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था स्थापन झाली, आणि तिने कुडाळ तालुक्यातील मोरे गावी ‘स्वप्ननगरी’ वसवून दिव्यांगांच्या हातून काजूप्रक्रियेचा उद्योग उभा केला. ज्यांना इतरत्र पायरीवरूनच परत पाठविले गेले असते, त्यांचे हात तेथे कामाला लागले.

कायदाही आता कर्मचाऱ्याच्या बाजूस आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क अधिनियमाप्रमाणे, सेवेत असताना दिव्यांगत्व आले म्हणून सरकारी आस्थापनेस कोणासही काढता येत नाही अथवा त्याचा हुद्दा घटविता येत नाही. पूर्वीचे काम झेपत नसल्यास त्याच वेतनश्रेणीत दुसऱ्या जागेवर नेमावे लागते. कामाच्या जागी वाजवी सोय करणे हेही सरकारी आस्थापनेचे कर्तव्यच ठरविले आहे. जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करण्यास नियम निघाल्यापासून पाच वर्षांची मुदत होती. नियम 2017 साली निघाले, म्हणजे ती मुदत 2022 सालीच सरली.

तेव्हा वाचकहो, तोंडी विनवणीवर थांबू नका. आपले मेज तळमजल्यावर आणावे, कठडा बसवावा, असा स्पष्ट मजकूर लिहून, वैद्यकीय दाखला जोडून अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. दाद न लागल्यास आपल्या सरकारी कचेरीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे तक्रार नोंदवा. नोंदीपासून दोन आठवड्यांत तिची चौकशी करणे त्याच्यावर बंधनकारक आहे.